टिकलीची पाचवी कमांड

“हा पाढा दहापर्यंतच येतोय,” हेरवाडकर सर पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले. “मला पंधरापर्यंत पाहिजे. आत्ता, माझ्यासमोर करून दाखवा.”

“हो सर, एका मिनिटात,” मी म्हणाले.

मनात म्हटलं, एवढंच होय? मी आपली उगाच सकाळपासून पाणी पाणी करत होते. हा माणूस बाहेरून परीक्षक म्हणून आलेला, कपाळावर आठ्या, हातात लाल पेन, आणि मागून मागतो काय, तर दहाच्या जागी पंधरा! इलाहीनं माझ्याकडे बघून भुवई उडवली. त्याचाही जीव भांड्यात पडला होता.

वीस वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा आम्ही दोघं, म्हणजे मी शैलजा खोचरे आणि माझा जोडीदार इलाही मुल्ला, तालुक्याच्या गावातल्या तंत्रनिकेतनात कॉम्प्युटरच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होतो. वर्गातल्या बाकीच्या जोड्यांनी प्रोजेक्ट म्हणून ग्रंथालयाची नोंद, कँटीनचं बिल, दूध डेअरीचा हिशेब असलं काहीबाही घेतलेलं. दरवर्षी तेच. थोरल्या भावाचा शर्ट धाकट्याला द्यावा तसे ते प्रोजेक्ट वरच्या वर्गातून खालच्या वर्गात यायचे, बटण तेवढं बदलायचं.

आम्हाला दोघांना मात्र भलतीच हौस. कॉम्प्युटर चालू केल्यावर सगळ्यात आधी जागं होऊन बाकीच्यांना कामाला लावतं ते जे मूळ सॉफ्टवेअर असतं ना, ऑपरेटिंग सिस्टीम, तेच आपण लिहायचं. अगदी छोटं. एका फ्लॉपीत मावेल एवढं. पण पहिल्या ओळीपासून आपल्या हातचं. तिचं नावही आम्ही ठरवून टाकलं होतं, टिकली.

टिकली करायची तरी काय? फ्लॉपी घालून मशीन चालू केलं की काळ्या पडद्यावर आपलं नाव दाखवायची आणि पुढं मुकाट वाट बघत बसायची. तिला चार कमांडी यायच्या. बेरीज सांगितली की बेरीज करायची, पाढा मागितला की पाढा म्हणायची, पुसा म्हटलं की पडदा पुसायची आणि मदत म्हटलं की या चारांची यादी दाखवायची. सगळं इंग्रजी अक्षरांत, पण शब्द मराठी. बस्स! एवढ्यासाठी जून ते ऑक्टोबर आम्ही प्रयोगशाळेतल्या सात नंबरच्या मशीनला चिकटून बसलो होतो. पहिले दोन महिने तर पडद्यावर काहीसुद्धा उमटत नव्हतं. ज्या दिवशी पहिलं अक्षर उमटलं त्या दिवशी इलाहीनं स्वतःच्या पैशानं अख्ख्या वर्गाला भडंग चारलं.

तर, पाढा. मी सात नंबरच्या मशीनवर पाढ्याची फाईल उघडली, दहा खोडून पंधरा केलं, हेरवाडकर सरांना दाखवलं. त्यांनी मान हलवली. मग बिल्ड करायची कमांड दिली. बिल्ड म्हणजे आपण लिहिलेल्या कोडपासून मशीनला कळणारी वस्तू तयार करणं. आम्ही त्यासाठी एका तयार प्रोग्रॅमवर आपला छोटा प्रोग्रॅम बसवलेला. तो सगळं उरकून पडद्यावर फक्त ‘झालं’ म्हणायचा. म्हणाला. ते फ्लॉपीवर उतरवलं, फ्लॉपी काढली, शेजारच्या आठ नंबरच्या मशीनमध्ये घातली आणि चालू केलं. टिकली जागी झाली. मी सातचा पाढा मागितला.

सात एके सात. सात दुणे चौदा. भराभर ओळी आल्या आणि सत्तरला येऊन थांबल्या.

“पंधरापर्यंत म्हणालो होतो मी,” हेरवाडकर सर म्हणाले.

“फ्लॉपी नीट लिहिली गेली नसेल सर,” इलाही म्हणाला. “जुनी आहे जरा.”

दुसरी फ्लॉपी, अगदी कोरी करकरीत. पुन्हा बिल्ड, पुन्हा ‘झालं’, पुन्हा आठ नंबर. पुन्हा सत्तर.

फाईल उघडून बघितली, तिथं पंधरा स्पष्ट लिहिलेलं. मी हट्टानं त्याचे वीस केले. बिल्ड. ‘झालं.’ सत्तर! ती टिकली म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीसारखी वागायला लागली, काही सांगा, ती आपलंच खरं करणार.

हेरवाडकर सरांनी लाल पेनाचं टोपण लावलं. पेन खिशाला अडकवलं. ते जे बोलले ते मी आजही विसरलेले नाही.

“हे बघा, मी दहा वर्षं परीक्षा घेतोय. इंटरनेटवर असल्या छोट्या सिस्टीम फुकट मिळतात. तयार फ्लॉपी कुठून तरी उतरवायची, तिच्यासोबत कोड म्हणून कसलीतरी फाईल ठेवायची. कोडात बदल केला की फ्लॉपीत फरक पडत नाही, याचा अर्थ सरळ आहे. या कोडापासून ही वस्तू झालेलीच नाही. ही तुमची नाही.”

“सर, देवाशपथ आमची आहे,” इलाही म्हणाला.

“मग दाखवा.”

आमचे स्वतःचे सर, चौगुले सर, मागच्या भिंतीजवळ खुर्चीत बसले होते. त्यांच्याकडे मी वळून बघितलं नाही, कारण त्यांची काही मदत होईल असं मला वाटतच नव्हतं. चौगुले सरांची ख्यातीच तशी होती. भारदस्त शरीर, पन्नाशी उलटलेली, कमी बोलणं. दुपारी प्रयोगशाळेचा तास त्यांचा असायचा. ते येऊन खुर्चीत बसायचे, दहा मिनिटांत हनुवटी छातीवर टेकायची आणि बारीक घोरणं सुरू व्हायचं. पाच महिन्यांत त्यांनी आमच्या टिकलीबद्दल मोजून तीन-चार वाक्यं विचारली असतील. दसऱ्याच्या आधी आम्ही सगळ्या कोडाचं प्रिंटआउट, चौसष्ट पानांची चळत, त्यांच्या टेबलावर ठेवली होती. त्यांनी ती न बघता पिशवीत टाकली. इलाही तेव्हा म्हणाला होता, “गेली रद्दीत.”

आता माझं काय पणाला लागलं होतं ते सांगते. या तोंडी परीक्षेत नापास म्हणजे सत्र बुडालं. इलाहीचं बुडालं तर घरी चार शिव्या खाऊन तो पुन्हा बसला असता. माझं तसं नव्हतं. थोरल्या बहिणीसारखं मी डी.एड. करावं, गावातच शाळेवर लागावं, अशी बाबांची फार इच्छा. मी रडून, उपाशी राहून कॉम्प्युटर घेतला होता. तेव्हा बाबांनी अट घातली होती, “एक जरी विषय राहिला तर मुकाट्यानं डी.एड. मग तुझं काही ऐकणार नाही.” बाबा शब्दाचे पक्के. आणि मला तर टिकलीशिवाय जगात दुसरं काही दिसत नव्हतं. हे सुटलं तर माझ्या हातून काय सुटतंय ते मला चांगलं कळत होतं.

मी डोळे मिटले आणि विचार करायला लागले. रडायचं नंतर, आधी विचार.

बदल केला तरी तो फ्लॉपीत उतरत नाही. कधीपासून उतरत नाही? आत्तापासून, की त्याच्याही आधीपासून?

आणि मला एकदम आठवलं. आज सकाळीसुद्धा आम्ही एक बदल केला होता.

टिकलीला चार कमांडी येतात असं मी म्हणाले. खरं तर पाच यायच्या. पाचवी आम्ही कुणाला सांगितली नव्हती, मदतीच्या यादीत ती नव्हती. ऑगस्टमध्ये एका दुपारी, चौगुले सर मागे घोरत असताना, इलाहीनं हळूच लिहिलेली. ‘सर’ असं टाईप केलं की टिकली म्हणायची, ‘चौगुले सर झोपलेत. हळू बोला.’ तेव्हा आम्ही दोघं तोंडात रुमाल कोंबून हसलो होतो. नंतर रोज एकदा तरी ती कमांड दिल्याशिवाय आम्हाला चैन पडायची नाही. परीक्षेच्या दिवशी सकाळी मात्र इलाहीची टरकली. “काढून टाकू या. परीक्षकानं चुकून दाबलं तर सर आपल्याला सोलतील,” म्हणाला. त्यानं ते कोडातून काढलं, बिल्ड केलं, फ्लॉपी बनवली. आम्ही निश्चिंत.

पण सकाळचा बदलही फ्लॉपीत उतरला नसेल तर? तर ती कमांड अजून आतच असणार. आणि ती आत असेल तर टिकली आमचीच आहे, दुसऱ्या कुणाची नाही, याला दुसरा पुरावा कशाला पाहिजे? जगातल्या कुठल्या इंटरनेटवर चौगुले सर झोपलेले सापडणार होते?

मी हात आठ नंबरच्या कीबोर्डवर ठेवला. इलाहीला एका क्षणात कळलं. त्यानं टेबलाखालून माझ्या पायावर असा पाय दिला की माझी चप्पल सुटली.

“शैले, नको,” तो ओठ न हलवता म्हणाला.

“मग काय करू?”

“दुसरं काहीतरी कर की!”

“दुसरं काही नाही, इलाही.”

“काय चाललंय?” हेरवाडकर सर म्हणाले.

“सर,” मी म्हणाले, “ही आमचीच आहे हे मी दाखवू शकते. पण त्यात आमचा वाह्यातपणा दिसेल. आधीच माफी मागते.”

आणि मी तीन अक्षरं टाईप केली. बटण दाबलं.

‘चौगुले सर झोपलेत. हळू बोला.’

काळ्या पडद्यावर पांढरी शुभ्र ओळ. बाकी सगळं ओसाड, त्यामुळे ती अजूनच ठसठशीत दिसत होती. हेरवाडकर सरांनी ती वाचली. मग पुन्हा वाचली. मग चष्मा वर करून भिंतीजवळच्या खुर्चीकडे बघितलं. मी मान खाली घातली ती घातलीच. इलाही तर छताकडे बघत होता, जणू पंखा पहिल्यांदाच बघतोय.

खुर्ची करकरली. चौगुले सर उठले होते. त्यांची ती जड पावलं आमच्या मागे येऊन थांबली.

“पान अठ्ठावीस,” ते म्हणाले.

“काय?” हेरवाडकर सर म्हणाले.

चौगुले सरांनी खांद्यावरच्या शबनम पिशवीतून चळत काढली. आमचीच चौसष्ट पानं. पण आता त्यांचे कोपरे मऊ पडलेले, कडेला चहाचा एक गोल डाग. सरांनी अंगठ्याला थुंकी लावून पानं उलटली आणि एक पान टेबलावर ठेवलं. त्यावर इलाहीनं लिहिलेली ती ओळ होती. आम्ही शहाण्यांनी प्रिंट काढताना ती कमांड वगळायचीसुद्धा तसदी घेतली नव्हती, वाचतंय कोण म्हणून! आणि त्या ओळीशेजारी, समासात, बारीक पेन्सिलीनं दोनच शब्द लिहिले होते.

हेरवाडकर सरांनी ते मोठ्यानं वाचले. “‘निरीक्षण अचूक.’”

आणि तो आठ्यावाला माणूस हसायला लागला! आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग त्यानं चष्मा काढून डोळे पुसले. चौगुले सर मात्र गंभीर.

“प्रिंट दसऱ्याच्या आधीचं आहे,” ते म्हणाले. “ओळ त्यात आहे, फ्लॉपीत आहे. सिस्टीम यांचीच आहे, हेरवाडकर. मी ओळ न् ओळ तपासलीय.”

“ते पटलं मला,” हेरवाडकर सर म्हणाले. “पण बदल का होत नाही? स्वतः बनवलेल्या वस्तूचं एवढं तरी कळायला नको?”

“कळायला पाहिजे,” चौगुले सर म्हणाले. मग आमच्याकडे वळले. “अर्धा तास घ्या. शोधा.”

एवढं बोलून ते पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. आम्हाला वाटलं होतं, आता ते काहीतरी खूण करतील, सुचवतील. कसलं काय! हेरवाडकर सर चहाला गेले आणि आम्ही दोघं सात नंबरसमोर डोकं धरून बसलो.

“बुधवारी सगळं ठीक होतं,” मी म्हणाले. “बुधवारी मी पडद्याचा रंग बदललेला, तो उतरला होता. आज सोमवार. मधे कुणी हात लावला मशीनला?”

“गुरुवारी खंडेनवमी, शुक्रवारी दसरा, मग शनिवार-रविवार. कोण येतंय? कुलूप होतं.”

“कुलूप न्हवतं खंडेनवमीला,” मागून आवाज आला. हौसामावशी होत्या. प्रयोगशाळेच्या शिपाई. हातात चहाची किटली. “म्या आल्तो की पूजेला. समद्यास्नी हार घातला, कुकू लावलं. बगा की, ह्ये अजून हाय.”

खरंच, सात नंबरच्या माथ्यावर हळदकुंकवाची बोटं होती आणि मागे वाळका झेंडू अडकलेला. खंडेनवमीला हत्यारांची पूजा. सुताराचा रंधा, न्हाव्याचा वस्तरा, तशी आमच्याकडे कॉम्प्युटरची. त्या दिवशी यंत्राला हात लावायचा नाही, त्याला विश्रांती. सगळं तंत्रनिकेतन ते पाळायचं, प्राचार्यांपासून लेथ मशीनपर्यंत.

“मावशी, पूजेच्या आधी काय केलंत?” मी विचारलं.

“काय करणार? पुसून घेतलं. वल्ल्या फडक्यानं पुसायचं तर करंट नको लागायला, म्हून खटकं बंद केलं, पिना काढल्या. आनि इस्रांती म्हंजी इस्रांती, तशाच काढून ठिवल्या. आज सकाळच्याला परत लावल्या.” त्यांचा चेहरा उतरला. “का गं बया? काय बिघडलं व्हय?”

इलाही आणि मी एकमेकांकडे बघितलं. सात नंबर आम्ही रोज बंद करायचो, पण ते बटणानं. भिंतीवरचा खटका पाच महिन्यांत कधीच बंद झाला नव्हता, आणि वीज गेली तर प्रयोगशाळेचा इन्व्हर्टर होताच. आत थोडी वीज कायम खेळत असायची.

“सकाळी चालू करताना काय आलेलं रे पडद्यावर?” मी म्हणाले. “कसलीतरी इंग्रजी ओळ आली होती. एफ-वन दाबा म्हणून.”

“आलेली. मी दाबलं.”

“वाचलीस?”

“कोण वाचतंय? दाबा म्हणाली, दाबलं.”

मी फाइलींची यादी काढली. प्रत्येक फाइलीपुढं ती शेवटची कधी बदलली त्याची तारीख येते. ऑक्टोबर, ऑक्टोबर, ऑक्टोबर, सप्टेंबर. आणि आत्ता पाच मिनिटांपूर्वी बदललेली पाढ्याची फाईल? एक जानेवारी, तीन वर्षांपूर्वीची!

“आयला,” इलाही म्हणाला.

मी हौसामावशींना मिठी मारली. किटली हिंदकळली.

झालं होतं ते असं. कॉम्प्युटरच्या आत बटणाएवढा एक सेल असतो. पूर्ण वीज गेली तरी घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. सात नंबरचा तो सेल कधीचाच मेलेला. पिन काढली आणि मशीनचं घड्याळ थेट तीन वर्षं मागे गेलं. आणि बिल्ड करणारा तो तयार प्रोग्रॅम असतो आळशी. सगळं पुन्हा बनवत बसत नाही. तो तारखा बघतो. कोडाची फाईल तयार वस्तूपेक्षा ताजी असली तरच तो हात हलवतो. आम्ही बदललेल्या फाइलीवर तीन वर्षांपूर्वीची तारीख, त्याला वाटलं हे तर शिळं, मी याची वस्तू केव्हाच बनवून ठेवलीय. म्हणून जुनीच उचलून तो आमच्या हातात ठेवत होता, आणि वर ‘झालं’ म्हणत होता.

“पण त्यानं काहीतरी बोलायला पाहिजे होतं,” इलाही म्हणाला. “तारखा अशा उलट्यापालट्या दिसल्यावर तो इशारा देतो. पुस्तकात आहे.”

“दिला असणार,” मी म्हणाले. “आपण ऐकलं कुठं?”

हा खरा आमचा गाढवपणा. सुरुवातीला बिल्ड केलं की पडद्यावर शंभर इशारे यायचे. हे नीट नाही, ते जपून करा. सासूबाईंच्या सूचना कशा! आम्ही वैतागून ते सगळे इशारे एका फाइलीत परस्पर वळवून टाकले होते, पडद्यावर फक्त ‘झालं’ ठेवलं होतं. ती फाईल ऑगस्टनंतर उघडली नव्हती. आता उघडली. शेवटच्या ओळीत लिहिलेलंच होतं, घड्याळात गडबड दिसते, वस्तू अपुरी बनली असण्याची शक्यता आहे. सकाळपासून प्रत्येक वेळी लिहिलेलं.

मी टेबलावरच्या चौसष्ट पानांकडे हात नेला. का कोण जाणे, पण मला बघावंसं वाटलं. बिल्डच्या प्रोग्रॅमचं पान काढलं. समासात पेन्सिल होती. ‘इशारे बंद करू नयेत. अडचणीत याल.’

मी पुढची पानं उलटत गेले. प्रत्येक पानावर पेन्सिल होती. कुठं ‘छान’, कुठं ‘हे सोप्या रीतीनं होईल, विचार करा’, कुठं आमच्या एका चुकीच्या ओळीशेजारी बारीक आकृती काढून दाखवलेली. एका ठिकाणी अख्खा समास भरून गणित मांडलेलं आणि खाली लिहिलेलं, ‘माझीच चूक. मुलांचं बरोबर आहे.’ चौसष्ट पानं, दसऱ्याची सुट्टी. माणूस सणाला घरी बसून हे वाचत होता आणि आम्ही त्याच्या झोपेची कमांड करून दात काढत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“रडू नको,” इलाही म्हणाला. “आधी घड्याळ लाव.”

घड्याळ लावलं. सगळी वस्तू मुळापासून नव्यानं बनवली. या वेळी पडद्यावर इशारेही येऊ दिले, आणि एकही आला नाही. हेरवाडकर सर परत आले तेव्हा आठ नंबरवर टिकली वाट बघत बसली होती. त्यांनी स्वतःच्या हातानं पाढा मागितला. सातचा नाही, तेराचा. तेरा एके तेरापासून ओळी सुरू झाल्या, तेरा दाहे एकशे तीसला न थांबता पुढं गेल्या आणि एकशे पंच्याण्णवला टेकल्या. मी वीसचे पुन्हा पंधरा केले होते, तेही उतरलं होतं.

हेरवाडकर सरांनी आम्हाला कारण विचारलं. मी घड्याळाचं सांगितलं, इलाहीनं एफ-वनचं आणि इशाऱ्यांचं प्रामाणिकपणे कबूल केलं. हौसामावशी दाराशी उभ्या होत्या, त्या मधेच म्हणाल्या, “साहेब, पूजेचा काय दोष न्हाई हां, तो शेलच मेलेला.” हेरवाडकर सरांनी पेनाचं टोपण काढलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि उठता उठता म्हणाले, “पुढच्या सत्रात टिकलीला अजून काय काय शिकवणार, ते लिहून द्या. तेव्हा पण मलाच पाठवा म्हणून सांगतो.”

ते गेल्यावर आम्ही दोघं चौगुले सरांसमोर जाऊन उभे राहिलो.

“सर, ती ओळ,” मी म्हणाले. “चुकलं आमचं.”

“चूक कुठं आहे? मी झोपतोच.”

“पण सर, तुम्ही एवढं सगळं वाचलंत...”

“रात्री वाचत बसलं की दुपारी झोप लागते,” ते म्हणाले, जणू भात खाल्ला की जड होतं एवढीच ती साधी गोष्ट. “जूनपासून वाचतोय तुमचं. मशीनवर फाइली असतातच की. इलाही, तुझं ते पहिलं अक्षर उमटत नव्हतं तेव्हा मी पण तीन आठवडे अडलो होतो. तुम्ही सोडवलंत म्हणून मला कळलं.”

इलाही म्हणाला, “सर, ती कमांड कायमची काढून टाकतो.”

“टाकलीस ना सकाळीच. आता नव्यानं बनवलंस त्यात ती गेली,” सर म्हणाले. “परत घाल. आणि मदतीच्या यादीत पण दाखव. चारच दाखवते ती. जे यंत्राला येतं ते यंत्रानं सांगायला पाहिजे, लपवून ठेवायचं नाही.”

आम्ही दोघांनी तिथंच बसून ती परत घातली, यादीत पाचव्या नंबरला. सरांनी ती चालवून बघितली आणि मान हलवली.

संध्याकाळी घरी गेले तर बाबा दारातच होते. सकाळपासून तेही अस्वस्थ असणार. मी काही बोलायच्या आधीच माझ्या डोळ्यांना धार लागली.

“राहिला काय विषय?” बाबांनी घाबरून विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली. “पास झाले, बाबा.”

“अगं मग? पास झालीस आणि रडतेस कशाला?”

“सरांनी सगळं वाचलं होतं, बाबा,” मी म्हणाले. “पहिल्या ओळीपासून. सगळं वाचलं होतं.”

बाबांना त्यातलं काय कळलं देव जाणे. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आत वळून आईला म्हणाले, “हिला जेवायला वाढ. आणि ते डी.एड.चं आता कुणी बोलायचं नाही.”